ग्रां प्री शर्यतींचा १९७० चा हंगाम

ग्रां प्री शर्यतींचा १९७० चा हंगाम : मोटारगाड्यांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा एकविसावा हंगाम. ७ मार्च ते २५ ऑक्टोबर १९७० या काळात तीन खंडांतील तेरा शर्यतींत तो पार पडला. या हंगामात ब्रूस मॅक्लारेन, पिअर्स करिज व योखेन रिंट हे तीन नामवंत चालक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी रिंट याला मृत्यूनंतर जगज्जेतेपद मिळाले. या स्पर्धेच्या इतिहासात असे उदाहरण दुसरे नाही. मात्र हे पद सन्मान म्हणून बहाल करण्यात आले नव्हते. स्पर्धेच्या नियमांनुसार, गुणांच्या काटेकोर बेरजेनेच ते त्याच्याकडे गेले. त्याच्या पश्चात झालेल्या चारही शर्यतींत कोणाही प्रतिस्पर्ध्याला त्याच्या गुणसंख्येपर्यंत पोहोचता आले नाही.

‘ग्रां प्री’ या फ्रेंच शब्दांचा अर्थ मोठे पारितोषिक असा आहे. या नावाची मोटारगाड्यांची पहिली शर्यत फ्रेंच मोटार संस्थेने १९०६ मध्ये ल मां या गावाजवळ भरविली. निरनिराळ्या देशांतील अशा शर्यतींतील गुण एकत्र करून चालकांचे जागतिक अजिंक्यपद ठरविण्याची पद्धत १९५० पासून अमलात आली. गाड्या बनविणाऱ्या संस्थांसाठी १९५८ पासून वेगळे अजिंक्यपद ठेवण्यात आले. १९७० मध्ये पहिल्या सहा क्रमांकांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २ व १ असे गुण मिळत. गाडीच्या एंजिनाचे घनफळ, वजन, इंधन इत्यादींविषयीच्या नियमांच्या संचाला ‘फॉर्म्युला’ म्हणतात. १९६६ पासून लागू असलेल्या फॉर्म्युल्यानुसार एंजिनाचे घनफळ ३,००० घ. सेंमी. पर्यंत असे.

पार्श्वभूमी : घनफळाची मर्यादा १९६६ मध्ये दुप्पट झाल्यामुळे गाड्यांची शक्ती एकाएकी वाढली. त्यातच कीथ डकवर्थ याने फोर्ड कंपनीच्या आर्थिक साहाय्याने तयार केलेले कॉसवर्थ डी. एफ. व्ही. हे आठ सिलिंडरांचे एंजिन १९६७ मध्ये शर्यतीत उतरले. पुढील वर्षापासून ते इतरांनाही विकत मिळू लागल्याने छोट्या संस्थांना स्वतःची वेगवान गाडी बांधणे शक्य झाले. यानंतर गाड्यांवर उलट्या विमानपंखासारखे पंख बसविण्यात येऊ लागले. हवेच्या दाबाने हे पंख गाडीला जमिनीकडे रेटत, त्यामुळे वळणावर चाकांची पकड वाढे. शर्यतमार्ग मात्र बहुतांशी जुनेच राहिले होते. त्यांच्या कडेला झाडे, खांब, खड्डे वा बांध असत. आग विझविण्याची व्यवस्था प्रत्येक ठिकाणच्या आयोजकांच्या मगदुराप्रमाणे असे आणि मदतीला येणाऱ्यांपैकी अनेक जण अप्रशिक्षित स्वयंसेवक असत.

१९६८ च्या एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत जिम क्लार्क, माइक स्पेन्स, लोदोव्हिको स्कार्फिओत्ती व जो श्लेसर हे चार चालक वेगवेगळ्या शर्यतींत वा सरावांत मरण पावले. श्लेसर याची गाडी मॅग्नेशियमाच्या पत्र्याची होती. ती रूआं येथील फ्रेंच शर्यतीत पेटली व तो आत असतानाच जळून गेली. १९६९ च्या स्पॅनिश शर्यतीत ग्रॅहॅम हिल व रिंट यांच्या लोटस गाड्यांचे उंच पंख एकापाठोपाठ मोडले व दोन्ही गाड्या कठड्यांवर आदळल्या. त्यात रिंट जखमी झाला. नंतर लगेच मोनॅको येथे उंच पंखांवर बंदी घालण्यात आली. जॅकी स्ट्यूअर्ट हा १९६६ मध्ये स्पा येथे उलथलेल्या गाडीत पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत अडकून पडला होता. तेव्हापासून त्याने सुरक्षा पट्टे, संरक्षक कठडे व वैद्यकीय पथके यांचा आग्रह धरला होता. हे भित्रेपणाचे लक्षण आहे अशी टीका त्याच्यावर वृत्तपत्रांतून व काही जुन्या चालकांकडूनही होत असे. १९७० पासून इंधनाच्या टाक्यांत न फुटणाऱ्या रबरी पिशव्या बसविणे सक्तीचे झाले, ही या आग्रहाची एक निष्पत्ती म्हणता येईल.

संघ व गाड्या : मागील वर्षीचा जगज्जेता स्ट्यूअर्ट हा केन टिरेल याच्या संघातून मार्च या नव्या संस्थेची गाडी चालवीत होता. फेरारी संघाने माउरो फोर्गिएरी याने आखलेली ३१२ बी ही बारा सिलिंडरांची गाडी आणली होती. तिच्यावर बेल्जियमचा जॅकी इक्स व पुढे स्वित्झर्लंडचा क्ले रेगाझोनी हे चालक होते. १९५९, १९६० व १९६६ या वर्षांचा जगज्जेता ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्याच नावाच्या गाडीतून शर्यती करीत होता. न्यूझीलंडच्या मॅक्लारेननेही १९६३ मध्ये स्वतःचा संघ स्थापन केला होता व त्याचाच देशबंधू डेनी हल्म हा त्याचा सहकारी चालक होता.

या हंगामातील सर्वांत वेगळी गाडी लोटस ७२ ही होती. कॉलिन चॅपमन व मॉरिस फिलिप यांनी तिचा आराखडा केला. तोपर्यंत ग्रां प्री गाडीचा आकार चिरुटासारखा असे व रेडिएटर नाकाडात असे. या गाडीचे रेडिएटर दोन्ही बाजूंना हलविण्यात आले व पुढचा भाग पाचरीसारखा निमुळता करण्यात आला. पुढच्या चाकांचे ब्रेकही चाकांत न ठेवता गाडीच्या अंगात बसविण्यात आले व एका दांड्याने ते चाकांशी जोडण्यात आले. चाकाबरोबर वरखाली होणारे वजन यामुळे घटते आणि खडबडीत रस्त्यावरही चाक जमिनीला अधिक चिकटून राहते. मात्र ब्रेक लावताना चाकाला थांबविणारा सगळा जोर या दांड्यावरच येतो. तो तुटल्यास त्या चाकाचा ब्रेक पूर्णतः निकामी होतो. चॅपमनच्या गाड्या विलक्षण वेगवान, पण नाजूक असतात असा लौकिक होता. रिंटलाही त्याबद्दल उघड तक्रार होती व १९६९ च्या अपघातानंतर त्याने ती चॅपमनला पत्राने कळविलीही होती. तरीही जिंकण्यासाठी हीच गाडी हवी, हे तो जाणून होता.

योखेन रिंट (१८ एप्रिल १९४२–५ सप्टेंबर १९७०) : त्याचा जन्म जर्मनीतील माइन्त्स येथे झाला. त्याच्या वडिलांच्या कुटुंबाचा मसाल्याच्या गिरणीचा व्यवसाय होता. जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर झालेल्या बाँबहल्ल्यांत आईवडील दोघेही मरण पावले, तेव्हा तो अवघा पंधरा महिन्यांचा होता. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे आजीआजोबांनी त्याला वाढविले. नागरिकत्व जर्मन असले, तरी तो ऑस्ट्रियाच्या परवान्यावर शर्यतींत उतरे व ऑस्ट्रियन लोक त्याला आपलाच मानीत. १९६५ मध्ये मास्टेन ग्रेगरी याच्यासमवेत त्याने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ग्रां प्रीमध्ये त्याला यश उशिरा मिळाले. कूपर व ब्रॅबम या संघांत चार वर्षे काढल्यानंतर १९६९ मध्ये तो लोटसकडे आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे त्याने पहिला विजय मिळविला. त्या शर्यतीत दुसरा आलेला चालक त्याचा मित्र करिज हा होता.

हंगामाचा पूर्वार्ध : दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथील पहिली शर्यत ब्रॅबमने जिंकली. स्पेनमधील हारामा येथे पहिल्याच फेरीत जॅकी ऑलिव्हर याची बी. आर. एम. गाडी बिघाड होऊन इक्सच्या फेरारीवर आदळली. दोन्ही गाड्या पेटल्या व इक्स भाजलेल्या अवस्थेत बाहेर पडला. तो तीन आठवड्यांनी पुन्हा शर्यतीस उभा राहिला. हारामाची शर्यत स्ट्यूअर्टने जिंकली व मॅक्लारेन दुसरा आला.

मोनॅको येथे १० मे रोजी झालेली शर्यत अविस्मरणीय ठरली. लोटस ७२ च्या रचनेतील दोष अजून दूर व्हायचे असल्याने रिंट जुन्या लोटस ४९ गाडीतून आठव्या स्थानावरून निघाला. पुढच्या गाड्या एकेक करून बाद होत गेल्या आणि अखेरच्या फेऱ्यांत त्याने आघाडीवरच्या ब्रॅबमचा असा पाठलाग केला, की शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर ब्रॅबमसारख्या कसलेल्या चालकाचा अंदाज चुकून गाडी गवताच्या गाठोड्यांत घुसली. रिंट त्याला ओलांडून पहिला आला.

यानंतर तीन आठवड्यांनी, २ जून १९७० रोजी, मॅक्लारेन (३० ऑगस्ट १९३७–२ जून १९७०) इंग्लंडमधील गुडवुड येथे आपल्या नव्या गाडीची चाचणी घेताना मरण पावला. ही गाडी ग्रां प्रीची नसून उत्तर अमेरिकेतील कॅन-ॲम मालिकेसाठी बांधलेली होती. सरळ रस्त्यावर भरवेगात असताना तिच्या मागील बाजूचे आवरण निसटले, त्यामुळे तिच्यावरील हवेचा दाब एकदम नाहीसा झाला व ती मार्गाबाहेर जाऊन आदळली. मॅक्लारेन १९५९ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी अमेरिकन शर्यत जिंकून सर्वांत तरुण ग्रां प्री विजेता ठरला होता. तो स्वतः अभियंता होता आणि चालक म्हणून सावध समजला जाई. साहसी चालकच मरतात व सावध चालक वाचतात ही समजूत त्याच्या मृत्यूने खोटी ठरली. हल्मचे हात मे महिन्यातच इंडियानापोलिस येथे आगीत भाजले होते. त्यामुळे पाच दिवसांनी स्पा येथे झालेल्या बेल्जियन शर्यतीत हा संघ उतरू शकला नाही. सार्वजनिक रस्त्यांवरून जाणाऱ्या सु. १४ किमी. लांबीच्या त्या मार्गावर मेक्सिकोच्या पेद्रो रॉद्रीगेस याने ताशी सु. २४१ किमी. या सरासरी वेगाने विजय मिळविला. जुन्या लांब मार्गावरील ही शेवटची ग्रां प्री शर्यत होय.

झांडव्होर्ट : नेदर्लंड्समध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून जाणाऱ्या या मार्गावर २१ जून रोजी डच शर्यत झाली. सुधारलेल्या लोटस ७२ गाडीतून रिंट सहज पहिला आला. शर्यत चालू असतानाच मार्गाच्या मागील भागातील एका वेगवान वळणावर करिज (२७ मे १९४२–२१ जून १९७०) याची डी तोमासो गाडी सरळ बाहेर गेली व बांधावर चढून फुटली. पुढील चाकांच्या आधारयंत्रणेत वा सुकाणूत बिघाड झाला असावा, असा तर्क करण्यात आला. एंजिन सांगाड्यापासून तुटले व गाडीने पेट घेतला. सांगाड्यात वजन घटविण्यासाठी मॅग्नेशियम वापरलेले होते. ही धातू एकदा पेटली, की पाण्याने विझत नाही, उलट अधिकच भडकते. आजूबाजूची झुडपेही जळाली. निखळलेल्या चाकाचा आघात डोक्यावर झाल्याने करिज आगीपूर्वीच मरण पावला असावा, असे मानले जाते.

इंग्लंडमधील मद्यनिर्मितीच्या व्यवसायातील एका प्रसिद्ध घराण्यात करिजचा जन्म झाला होता. त्याने कौटुंबिक व्यवसाय सोडून शर्यतींचा मार्ग धरला. त्याची गाडी उतरविणारा फ्रँक विल्यम्स हा त्याचा निकटचा मित्र होता. पुढे ग्रां प्रीतील एक बलाढ्य संघ उभारणाऱ्या विल्यम्सच्या आयुष्यातील हा पहिला मोठा आघात होय. विजयमंचावर उभ्या असलेल्या रिंटच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेशही नव्हता. शर्यती सोडून द्याव्यात असा विचार या सुमारास त्याच्या मनात घोळत होता, असे त्याच्या निकटवर्तीयांनी पुढे सांगितले आहे. परंतु अजिंक्यपद आता आवाक्यात आले होते.

रिंटचे सलग विजय : फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथील शर्यत रिंटने ५ जुलै रोजी जिंकली. १८ जुलै रोजी ब्रँड्स हॅच येथील ब्रिटिश शर्यतीत मोनॅकोची जणू पुनरावृत्ती झाली. आघाडीवर असलेल्या ब्रॅबमच्या गाडीतील इंधन शेवटच्या फेरीत संपले आणि रिंट पुढे गेला. त्याच्या गाडीचा पंख नियमापेक्षा उंच असल्याच्या संशयावरून त्याला प्रथम बाद ठरविण्यात आले, पण फेरमोजणीनंतर विजय कायम राहिला. याच शर्यतीत एमर्सन फिटिपाल्डी या ब्राझीलच्या तरुणाने लोटसच्या तिसऱ्या गाडीतून पदार्पण केले.

जर्मन शर्यत नेहमी न्यूरबुर्गरिंग येथील सु. २२.८ किमी. लांबीच्या डोंगरी मार्गावर होत असे. चालकांच्या संघटनेने या मार्गावर कठडे बसविण्याची व कडेची झाडे हटविण्याची मागणी केली. करिजच्या मृत्यूने तिला धार आली होती. आयोजकांना इतक्या थोड्या अवधीत ती पुरी करणे शक्य झाले नाही व चालक आपल्या निर्णयावर ठाम राहिले. परिणामी शर्यत हॉकेनहाइम येथे हलविण्यात आली. चालकांनी एकजुटीने एखादा विख्यात मार्ग नाकारून दाखविला, ही घटना या हंगामातील विजयांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. मात्र १९६८ मध्ये क्लार्कचा मृत्यू हॉकेनहाइम येथेच झाला होता. २ ऑगस्टच्या शर्यतीत रिंट व इक्स यांनी अनेकदा एकमेकांना मागे टाकले आणि अखेर रिंट ०.७ सेकंदाने जिंकला. हा त्याचा सलग चौथा व हंगामातील पाचवा विजय. त्याचे ४५ गुण झाले. हे सर्व गुण पहिल्या क्रमांकाचे आहेत, अन्य कोणत्याही क्रमांकावर त्याने त्या वर्षी एकही गुण मिळविला नाही. १६ ऑगस्ट रोजी ऑस्ट्रियात घरच्या प्रेक्षकांसमोर त्याचे एंजिन बिघडले व इक्सने शर्यत जिंकली.

मोंझा : इटलीतील मोंझा येथील मार्ग तेव्हा जवळजवळ सलग भरवेगाचा होता. सरळ रस्त्यावरचा वेग तेथे निर्णायक ठरे. बारा सिलिंडरांच्या फेरारी गाड्यांना तोंड देण्यासाठी लोटस संघाने गाड्यांचे पंख काढून टाकण्याचा प्रयोग केला. पंखांमुळे हवेचा जो विरोध होतो, तो नाहीसा झाल्याने वेग वाढला. पण जोराने ब्रेक लावताना गाडी अस्थिर होऊ लागली. संघातील दुसरा चालक जॉन माइल्स याला ही व्यवस्था मुळीच पसंत नव्हती. रिंटला मात्र वाढलेला वेग समाधानकारक वाटला.

शनिवार ५ सप्टेंबर रोजी सरावाच्या वेळी पाराबोलिका या वळणापाशी येताना रिंटने ब्रेक लावताच गाडी हेलकावली, एकाएकी डावीकडे वळली व लोखंडी कठड्यावर आदळली. कठड्याचा सांधा उचकटला, गाडीचे नाक त्याखाली शिरून खांबाला अडकले व पुढचा भाग फाटून निघाला. अपघाताच्या चौकशीत पुढील उजव्या चाकाचा ब्रेक-दांडा तुटल्याचे आढळून आले. उजवे चाक मोकळे राहिले व डावे रोखले गेले, की गाडी डावीकडे ओढली जाणे स्वाभाविकच होय. तथापि इटलीतील दीर्घकाळ चाललेल्या चौकशीचा निष्कर्ष असा, की अपघाताची सुरुवात दांड्याच्या बिघाडाने झाली, परंतु मृत्यूला सदोष रीतीने बसविलेला कठडा कारणीभूत ठरला. ज्या कठड्यांसाठी चालक आयोजकांशी भांडत होते, तोच कठडा निष्काळजीपणे उभारल्यास काय होते, हे येथे दिसून आले.

या मृत्यूला आणखी एक कारण होते. गाडीत पाच ठिकाणी बांधावयाचा सुरक्षा पट्टा होता. त्यातील मांड्यांमधून जाणारा भाग रिंट बांधत नसे. आग लागल्यास चटकन बाहेर पडता यावे, हा त्यामागील हेतू होता. आदळताक्षणी तो पट्ट्याखालून पुढे सरकला व पट्ट्याच्या कडीने गळ्यास प्राणघातक जखम झाली. मिलानमधील रुग्णालयाकडे नेत असता तो मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याचे वय २८ वर्षांचे होते. पट्टा न बांधणे हा केवळ हट्ट होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिलमध्ये हारामा येथे इक्स वाचला, तो जळत्या गाडीतून तत्काळ बाहेर पडू शकला म्हणून. जूनमध्ये झांडव्होर्टची आग सर्वांनी पाहिली होती. आगीत अडकण्याची भीती व आघातात फेकले जाण्याची भीती यांतून त्या काळच्या प्रत्येक चालकाला एकीची निवड करावी लागे. इंधनाच्या टाक्या व अग्निशमन यांची खात्री नसताना पट्टा हे पूर्ण संरक्षण ठरत नव्हते.

लोटस संघाने आपल्या सर्व गाड्या मागे घेतल्या. दुसऱ्या दिवशी शर्यत ठरल्याप्रमाणे झाली व रेगाझोनीने ती जिंकली. याच वळणाकडे येताना ९ वर्षांपूर्वी, १० सप्टेंबर १९६१ रोजी, गुणांत आघाडीवर असलेला जर्मन चालक व्होल्फगांग फोन ट्रिप्स व पंधरा प्रेक्षक ठार झाले होते. त्या वर्षी त्याचाच फेरारी संघातील सहकारी फिल हिल याने ती शर्यत जिंकून एका गुणाने अजिंक्यपद पटकाविले होते. १९७० मध्येही तसेच घडण्याची शक्यता होती. रिंट याच्यावर ग्रात्स येथे ११ सप्टेंबर रोजी अंत्यसंस्कार करण्यात आले. चालकांच्या संघटनेचा अध्यक्ष स्वीडनचा यो बोनियर याने तेथे श्रद्धांजलीपर भाषण केले. १९७२ मध्ये ल मां येथील शर्यतीत बोनियरही मरण पावला.

अजिंक्यपदाचा निर्णय : मोंझानंतर तीन शर्यती, म्हणजे जास्तीत जास्त २७ गुण, शिल्लक होते. रिंटच्या ४५ गुणांमागे ब्रॅबम व स्ट्यूअर्ट प्रत्येकी २५, हल्म २३, रेगाझोनी २१ व इक्स १९ अशी स्थिती होती. तिन्ही शर्यती जिंकल्या, तर यांतील कोणीही त्याच्या पुढे जाऊ शकत होता. इक्सलाही एकूण ४६ गुण, म्हणजे अवघा एक गुण अधिक मिळाला असता. २० सप्टेंबर रोजी कॅनडात स्ट्यूअर्ट नव्या टिरेल गाडीतून आघाडीवर असताना गाडी नादुरुस्त झाली व इक्स जिंकला. आता त्याचे २८ गुण झाले आणि उरलेल्या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या, तरच निर्णय बदलणार होता. इतर कोणालाही रिंटला मागे टाकणे यापुढे शक्य नव्हते. रेगाझोनी फार तर ४५ गुणांपर्यंत येऊ शकत होता, पण रिंटच्या पाच विजयांपुढे त्याचे तीनच विजय भरले असते.

वॉटकिन्स ग्लेन येथे ४ ऑक्टोबर रोजी इक्सने सर्वांत पुढच्या आरंभस्थानावरून सुरुवात केली. मोंझानंतर प्रथमच उतरलेल्या लोटस संघाचे दोन्ही चालक नवखे होते. माइल्स संघातून बाहेर पडला होता. त्यामुळे फिटिपाल्डी व स्वीडनचा राइने व्हिसेल यांच्यावर सारी भिस्त होती. स्ट्यूअर्टने मोठी आघाडी घेतली, परंतु त्याच्या एंजिनातील तेल गळून गेले. इक्सच्या गाडीची इंधननळी तुटल्याने त्याला दुरुस्तीसाठी थांबावे लागले. मग आघाडीवर आलेल्या रॉद्रीगेसला शेवटी इंधन भरून घेणे भाग पडले. अशा रीतीने आपली केवळ चौथी ग्रां प्री शर्यत करणारा फिटिपाल्डी पहिला आला. व्हिसेल तिसरा व इक्स चौथा राहिला. इक्सचे ३१ गुण झाले व अजिंक्यपद रिंटकडेच राहणार हे निश्चित झाले. एका वर्षापूर्वी रिंट व करिज ज्या मार्गावर पहिले व दुसरे आले होते, त्याच मार्गावर हे घडले. निधन पावलेल्या सहकाऱ्याचे पद आपण हिरावून घेतले नाही, याबद्दल इक्सने पुढे अनेकदा समाधान व्यक्त केले आहे.

मेक्सिको शहरातील अखेरच्या शर्यतीला सु. दोन लाख प्रेक्षक लोटले. कुंपणे ओलांडून ते थेट मार्गाच्या कडेला येऊन बसले. चालकांनी विनवण्या केल्यावरही ते हटले नाहीत. शर्यत रद्द केल्यास दंगल होईल या भीतीने ती तशीच सुरू करण्यात आली. मध्येच धावत आलेल्या एका कुत्र्यावर स्ट्यूअर्टची गाडी आदळली. प्रेक्षकांपैकी कोणाचा बळी गेला नाही, हा निव्वळ योगायोग होय. इक्स पहिला आला व ४० गुणांवर थांबला. या प्रकारानंतर मेक्सिकोतील शर्यत १९८६ पर्यंत पुन्हा भरविण्यात आली नाही. ब्रॅबम याच शर्यतीनंतर निवृत्त झाला. गाड्या बनविणाऱ्या संस्थांचे अजिंक्यपद लोटसला ५९ गुणांनी मिळाले. १८ नोव्हेंबर १९७० रोजी पॅरिस येथे स्ट्यूअर्टच्या हस्ते रिंटची पत्नी नीना हिला जगज्जेतेपदाचा करंडक देण्यात आला.

परिणाम : या हंगामानंतर केलेले बदल तुकड्यातुकड्यांनी झाले. न्यूरबुर्गरिंगवर कठडे बसवून १९७१ मध्ये तेथे पुन्हा शर्यत झाली. मोंझाच्या सरळ रस्त्यांवर १९७२ मध्ये वेग रोखणारी नागमोडी वळणे घालण्यात आली. त्याच वर्षी सहा ठिकाणी बांधावयाचे सुरक्षा पट्टे सक्तीचे करण्यात आले. लोटस ७२ गाडी दुरुस्त्यांसह १९७५ पर्यंत शर्यतीत राहिली, तिने वीस विजय मिळविले आणि १९७२ मध्ये फिटिपाल्डी तिच्यातूनच जगज्जेता झाला. १९७१ मध्ये रॉद्रीगेस व त्याचा बी. आर. एम. संघातील सहकारी यो झिफर्ट हे दोघेही अजिंक्यपदाबाहेरच्या शर्यतींत जळून मेले.

झांडव्होर्टचा मार्ग नव्याने बांधून १९७३ मध्ये खुला करण्यात आला. तेथील २९ जुलैच्या शर्यतीत इंग्लंडचा रॉजर विल्यमसन उलटलेल्या जळत्या गाडीत अडकला. डेव्हिड पर्ली या चालकाने आपली गाडी थांबवून एकट्याने ती उलथविण्याचा प्रयत्न केला, परंतु आगीपासून बचाव करणारे कपडे नसल्याने जवळचे स्वयंसेवक पुढे येऊ शकले नाहीत. वॉटकिन्स ग्लेन येथे ६ ऑक्टोबर १९७४ रोजी ऑस्ट्रियाच्याच हेल्मूट कॉइनिग याची गाडी लोखंडी कठड्यावर आदळली. कठड्याचा खालचा पत्रा सुटला व गाडी त्याखालून पलीकडे गेली. कॉइनिग जागीच ठार झाला. त्याची ती दुसरी ग्रां प्री शर्यत होती.